पेणच्या डोक्यावरचा नवा महामार्ग

मुंबई–गोवा महामार्ग पनवेल सोडून खारपाड्याचा पूल ओलांडतो आणि पेण, वडखळ, नागोठणे करत दक्षिणेला निघतो. त्याच्या रुंदीकरणाची चर्चा गेली कित्येक वर्षं चालूच आहे. दरम्यान त्याच दिशेची दुसरी वाट आभाळात सुरूही झाली. २५ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी आठच्या सुमारास बेंगळुरूहून आलेलं इंडिगोचं विमान नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरलं आणि प्रवासी वाहतुकीला तोंड फुटलं. पहिल्याच दिवशी इंडिगो, एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा आणि स्टार एअर अशा चार कंपन्या तिथे हजर होत्या.

नकाशा उघडला की पेणकरांचा या विमानतळाशी संबंध काय ते लगेच कळतं. धावपट्टीपासून हवाई अंतरानं जवळजवळ थेट दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर पेण आणि साठेक किलोमीटरवर रोहा. गोवा, बेंगळुरू, कोची ही ठिकाणंही दक्षिणेकडचीच. गणपतीच्या मूर्ती आणि पोह्याचे पापड यांसाठी ओळखलं जाणारं पेण, कुंडलिकेच्या काठचं रोहा आणि त्यांच्या मधला हा पट्टा आता विमानं ओळखायला शिकण्यासाठी रायगडातली उत्तम जागा झाला आहे. विमानतळाच्या कुंपणाशी गर्दी करण्यापेक्षा इथे उभं राहणं मला जास्त मोलाचं वाटतं. कुंपणाजवळ विमान मोठं दिसतं खरं, पण ते कुठे निघालंय याचा पत्ता लागत नाही. इथे तो लागतो.

तसं या आभाळाला विमानाचं अप्रूप नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तिथून पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहू ते बेल्लारी अशी नकाशावर सरळ रेघ मारली, तर ती पेणच्या थोडी पूर्वेकडून, विनोबांचं जन्मगाव असलेल्या गागोद्याच्या बाजूनं जाते. टाटांच्या हवाई टपालाच्या पहिल्या वाटेच्या शेजारीच हा तालुका वसलेला आहे, हे आपल्याकडच्या शाळांत सांगितलं गेलं पाहिजे.

आता मुद्द्याचं. विमान कुठल्या बाजूनं येणार हे आधी वारा ठरवतो. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं आणि उतरतं. नवी मुंबईच्या धावपट्टीची दोन टोकं ०८ आणि २६ या आकड्यांनी ओळखली जातात. हे होकायंत्राचे अंश, शेवटचं शून्य गाळून लिहिलेले. ०८ म्हणजे पूर्वेकडे तोंड, २६ म्हणजे पश्चिमेकडे. पावसाळ्यात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात २६ सोयीची. तिच्यावरून दक्षिणेला निघालेल्या विमानाला खाडीच्या बाजूला जाऊन डावीकडे वळावं लागतं. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जोर धरतो तेव्हा ०८ कामाला येऊ शकते. मग उड्डाण पनवेलच्या दिशेनं आणि वळण उजवीकडे, तेही समोर सह्याद्री उभा असताना. रोह्यात राहणाऱ्याला वाऱ्यासाठी वेधशाळेकडे धाव घ्यायला नको. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या धुराड्यांकडे बघावं. धूर पूर्वेला झुकलेला असेल तर उड्डाणं पश्चिमेकडे होत असण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक विमानतळाच्या निर्गमन मार्गांचे नकाशे छापील असतात. त्यांतल्या बिंदूंना पाच अक्षरी नावं असतात आणि नकाशांतले बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रानं लागू होतात. तरी आज ज्या रेषेवरून विमान गेलं तिथूनच ते उद्या जाईल असं धरून चालू नये. मुंबई आणि नवी मुंबई हे दोन विमानतळ एकमेकांना खेटून आहेत. एकाची उतरणारी आणि दुसऱ्याची चढणारी विमानं जवळ आली तर त्यांच्यात किमान हजार फुटांचं उभं अंतर किंवा ठरलेलं आडवं अंतर राखावंच लागतं. त्यासाठी नियंत्रक विमानाला छापील वाटेवरून बाजूला वळवतो, खालीच थांबवतो, कधी जवळच्या वाटेनं सोडतो. म्हणून आभाळातली वाट रेघेसारखी नसते, तो चांगला रुंद पट्टा असतो.

दिशा नेमकी सांगायला पेण–रोहा रेल्वे हाताशी आहे. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा हा मार्ग ढोबळमानानं उत्तर–दक्षिण जातो आणि कुंडलिका पश्चिमेला रेवदंड्याच्या खाडीकडे वाहते. विमान रुळांना धरून गेलं की गोवा किंवा केरळ. रुळांना तिरकं छेदून आग्नेयेला गेलं की बेंगळुरू किंवा चेन्नईचा अंदाज बांधावा आणि मग फोनवर फ्लाइटरडार२४ हे विमानांचा माग दाखवणारं अॅप उघडून तो पडताळावा. आधी अंदाज आणि मग फोन, हा क्रम मोडू नये, नाहीतर डोळा कधीच तयार होत नाही.

उंचीचं गणित फार सुंदर आहे. चढत्या जेट विमानाला दहा हजार फूट गाठायला साधारण पाच मिनिटं आणि पस्तीस-चाळीस किलोमीटरची वाट लागते. एअरबस ए३२० ची लांबी ३७.५७ मीटर. हे विमान सव्वाचार किलोमीटरवर, म्हणजे सुमारे चौदा हजार फुटांवर असलं, की साधारण पूर्ण चंद्राएवढं लांब दिसतं. त्यामुळे थेट डोक्यावरून जाणारं ए३२० चंद्रबिंबापेक्षा मोठं दिसलं तर ते चौदा हजारांच्या खाली आहे, लहान दिसलं तर वर. चंद्र नसेल तर हात लांब करून करंगळीचं नख धरावं. त्याची रुंदी चंद्राच्या साधारण दुप्पट भरते. आवाजाचंही तसंच. तीन किलोमीटर वरून आवाज खाली पोचायला नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात विमान किलोमीटरभर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाज येतो तिथे बघायचं नाही, त्याच्या पुढे बघायचं.

विमानाची जात ओळखताना कंपनीच्या रंगांवर विसंबू नये, कारण खालून पोटच दिसतं. बोइंग ७३७ च्या मुख्य चाकांना झाकणं नसतात. चाकं आत घेतल्यावरही पोटावर दोन काळ्या गोल टिकल्या दिसत राहतात. अकासाचा सगळा ताफा ७३७ मॅक्सचा, तेव्हा ही खूण दुर्बिणीतून हमखास सापडते. एअरबसचं पोट मात्र गुळगुळीत. ए३२१ म्हणजे ए३२० चंच लांब अंग, ४४.५१ मीटरचं. एटीआर ७२ ला पंख पाठीवर आणि दोन पंखे असतात. तिच्या घरघरीवरून ती डोळे मिटूनही ओळखता येते. आणि पस्तीस हजार फुटांच्या आसपास पांढरी रेघ ओढत जाणाऱ्या परदेशी विमानाला आपल्या विमानतळांशी काही देणंघेणं नसतं. ते पूर्वेला जाणारं असेल तर ३३, ३५, ३७ अशा विषम हजारांवर, पश्चिमेला जाणारं सम हजारांवर.

अंधार पडल्यावर दिवे बघावेत. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याच्या टोकाला हिरवा. तुमच्या उजव्या हाताला लाल आणि डाव्या हाताला हिरवा दिसला, तर विमान तुमच्याकडेच येतंय.

जागा म्हणाल तर पेणकरांना महलमिऱ्याचा डोंगर आणि रोहेकरांना पिंगळसईवरून चढायचा अवचितगड. गडावर उत्तरेचं आभाळ मोकळं सापडतं. नुसते पाय मोकळे करायचे असतील तर कुंडलिकेचा काठही पुरतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस आटोपला की हवा धुतलेली असते. डिसेंबर-जानेवारीत धुरकं वाढतं, तेव्हा सकाळ टाळून चारनंतर यावं. सोबत एक वही असावी. वेळ, दिशा, वारा आणि जात, एवढे चार रकाने पुरे. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विमान कंपन्यांचं वेळापत्रक बदलतं. त्या दोन दिवशी वहीत नवं पान काढून सगळ्या वेळा पुन्हा पहिल्यापासून मांडाव्या लागतात.