चामोर्शीचा रफार आणि एक छोटं प्लगइन

विदर्भातल्या टायपिंग सेंटरांवर वर्षानुवर्षं मराठी मजकूर कृतिदेव फाँटमध्ये टाइप होत आला. रेमिंग्टन टाइपरायटरवर हात बसलेल्यांना तो सोयीचा, कारण कळांची मांडणी जवळजवळ तीच. कागदावर अक्षरं सुबक उमटतात. तीच फाईल हा फाँट नसलेल्या मोबाईलवर उघडली, की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाईलमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच. त्यांना मराठी रूप देतो तो फाँट.

'चामोर्शी' हाच शब्द घ्या. कृतिदेवमध्ये च म्हणजे पी, काना म्हणजे के, म म्हणजे ई. ओकार एका कळेचा नाही. आधी काना, मग मात्रा. श साठी एकेरी अवतरणचिन्ह आणि पुन्हा के. मग दीर्घ वेलांटी, आणि रफार सगळ्यात शेवटी. एकूण 9 कळा. हा मजकूर मोबाईलवर नीट दिसायला तो युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणावा लागतो. तिथे तोच रफार र आणि हलंत होऊन श च्या आधी बसतो. 'गडचिरोली'त उलट गंमत: तिथली ऱ्हस्व वेलांटी च च्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडला ती नंतर हवी. म्हणजे अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, क्रमही लावावा लागतो. शिवाय 'चामोर्शी'त के तीनदा येतो आणि तिसऱ्यांदा तो काना नसून श चा दंड असतो. म्हणून आधी जोडीचा श बदलायचा, सुटा काना नंतर.

समजा, गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेला तेंदूपत्त्याचे आणि बांबूचे जुने ठराव वेबसाइटवर ठेवायचे आहेत. अशा कामाला स्टॅटिक साईट जनरेटर उत्तम. तो सगळी पानं आधीच तयार करून ठेवतो. वाचक आला की सर्व्हर तयार पान हातात देतो. पान हलकं ठेवलं, तर रेंज कमी असली तरी उघडतं. अशा जनरेटरांपैकी जेकिल 2008 मध्ये आलं, ह्यूगो 2013 मध्ये. इथे मात्र मला 2014 साली आलेलं मेटलस्मिथ अधिक जवळचं वाटतं, कारण त्यात जवळजवळ सगळं काम प्लगइनच, म्हणजे जोडता येणारे छोटे प्रोग्राम, करतात. ते फोल्डरमधल्या फायली मेमरीत घेतं आणि एकामागून एक प्लगइनकडे सोपवतं. प्रत्येक फाईलचं शीर्षक आणि तारीख एका बाजूला, तर मजकूर वेगळा ठेवलेला असतो. कृतिदेवचं युनिकोड करणारं आपलं प्लगइन फक्त मजकुराला हात लावतं, नवा मजकूर त्याच जागी ठेवतं आणि पुढच्याला वाट देतं. शेवटी तयार पानं वेगळ्या फोल्डरमध्ये लिहिली जातात. मूळ फाईलला धक्का लागत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच. रूपांतरात उद्या चूक सापडली, तर नियम दुरुस्त करायचा आणि सगळी पानं पुन्हा बांधायची.

हे प्लगइन रांगेत पहिलं हवं. कृतिदेवमधला ख चौकटी कंसाने सुरू होतो आणि ढ साठी 'पेक्षा लहान'चं चिन्ह असतं. मजकुरातल्या खुणांवरून वेबपान बनवणारं मार्कडाउनचं प्लगइन आधी चाललं, तर त्याला कंसात लिंक दिसू शकते, ढ मध्ये एचटीएमएलचा टॅग दिसू शकतो आणि वाक्यच गिळलं जाऊ शकतं. कोणत्या फायलींवर काम करायचं, हेही बजावून सांगावं लागतं. ठरावांसोबत ठेवलेला मार्कंड्याच्या देवळाचा फोटो मजकूर समजून बदलला, तर साईटवर तो उघडणार नाही. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये फाँटची नोंद नसते, त्यामुळे मधेच आलेले इंग्रजी शब्दही मराठी समजून बदलले जातात. ते आधी खुणा करून वेगळे काढावेत.

एवढं केलं की वैनगंगेकाठच्या ग्रामसभेचा ठराव गूगलवर मराठीत शोधला तर सापडू शकतो, आणि अंध वाचकाचा फोन तो वाचून दाखवू शकतो. छापील प्रत स्कॅन करून टाकली, तर यातलं काहीच सहज होत नाही.

म्हणून टायपिंग सेंटरवाल्यांना आणि ग्रामसभांचं दप्तर सांभाळणाऱ्यांना एक विनंती: प्रिंट काढून झाली म्हणून जुन्या संगणकावरच्या कृतिदेव फायली पुसू नका. गावासाठी त्यांची एक प्रत आजच काढून ठेवा.