एका रात्रीचा रावण

‘हौशी नट’ हा शब्द आपण जरा हलक्यानंच उच्चारतो. ज्याला नीट जमत नाही तो हौशी, असा काहीसा सूर त्यात असतो. खरं तर हौशी आणि व्यावसायिक यांतला फरक जमण्या-न जमण्याचा नाही. व्यावसायिक नटाला कामाचे पैसे मिळतात. हौशी नट पदरचे पैसे घालून काम करतो. वर्गणी देतो, रात्री जागतो, घरच्यांची बोलणी खातो आणि सकाळी पुन्हा शेतावर, दुकानात किंवा शाळेत हजर होतो. हे तो कशासाठी करतो, हे समजून घ्यायचं असेल तर आमच्या अकोले तालुक्याकडे बघावं. इथं हौशी रंगभूमीची दोन रूपं शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एक डोंगरातलं, एक बाजारपेठेतलं.

आधी डोंगरातलं. तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीची ऐन कूस. 1646 मीटर उंचीचं कळसूबाई शिखर इथलंच, प्रवरेवरचं 1926 साली पुरं झालेलं भंडारदरा धरणही इथलंच. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पावसाचे चार महिने इथं दुसरं काही सुचत नाही. भात, नागली, वरई घरात आली की मग माणूस मोकळा होतो. म्हणून इथली रंगभूमी ऋतूनं बांधलेली आहे. होळी झाल्यापासून पाऊस येईपर्यंतचा काळ हा बोहाड्याचा. हा बोहाडा नाशिक आणि पालघरच्या आदिवासी भागांतही होतो. मोखाड्याचा तर दूरवर ठाऊक आहे.

बोहाडा म्हणजे मुखवट्यांचं नाट्य. त्याला रंगमंच नाही, पडदा नाही, तिकीट नाही. गावातली वाट हाच मंच आणि दोन्ही बाजूंना बसलेलं गाव हाच प्रेक्षक. वाटेच्या एका टोकाकडून सोंग निघतं आणि संबळ-पिपाणीच्या तालावर नाचत दुसऱ्या टोकाला देवीपुढं येतं. पूर्वी उजेड टेंभ्यांचा असे, आता विजेचे दिवे असतात. आधी गणपती, मग शारदा, पुढं रामायण-महाभारतातली नि पुराणांतली सोंगं. मारुती, भीम, बकासुर, त्राटिका, नरसिंह, दहा तोंडांचा रावण. रात्र सरत येते तेव्हा देवी आणि महिषासुराचं युद्ध होतं. बायकांची सोंगंही पुरुषच घेतात.

संवाद फार थोडे. सारा अभिनय पायांत आणि खांद्यांत. याचं कारण मुखवटा. पूर्वी तो लाकूड कोरून करत, पुढं कागदाच्या लगद्याचाही होऊ लागला. चेहरा झाकलेला, त्यामुळं डोळे-भुवयांचा उपयोग नाही. आवाज आतच घुमतो. बारीक भोकांतून दिसतं ते जेमतेम पावलापुरतं. रावणाच्या मुखवट्याचा पसारा तर एवढा, की सांभाळायला माणसं सोबत चालतात. तेव्हा नटानं करायचं काय? वाजंत्र्यांवर कान ठेवायचा. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, ठेका वेगळा. संबळ बदलला की बसलेल्यांना आधीच कळतं, आता कोण येतंय ते.

काही गावांत अमुक सोंग अमुक घराण्याकडे, अशी वहिवाट आहे. आजोबांनी घेतलेलं सोंग बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे येतं. काही ठिकाणी सोंगाचा लिलाव होतो आणि तो पैसा उत्सवाला लागतो. म्हणजे इथं नट आपली भूमिका विकत घेतो! शहरातल्या नटाला हे सांगितलं तर त्याला गंमत वाटेल. गावाला वाटत नाही, कारण सोंग घेणं ही गावाची आणि देवीची सेवा मानली जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं. मराठी नाटकाची सुरुवात आपण तिथून मोजतो, 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो. त्या नाटकांतही आधी गणपती, सरस्वती, मग देव आणि राक्षस असाच क्रम होता. भाव्यांपुढं नमुना होता तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचा. म्हणजे ज्याला आपण नाटकाचा आरंभ म्हणतो, त्याच्या मुळाशी लोकांचा खेळच आहे. बोहाडा त्याच खेळांच्या नात्यातला. त्याला मागास समजण्याचं कारण नाही.

आता बाजारपेठेतलं रूप. गणपतीत किंवा जत्रेत होणारं तीन अंकी नाटक. त्याची रीत महाराष्ट्रभर सारखीच. श्रावणात कुणीतरी पुस्तक आणतो. पात्रं किती, बायका किती, खर्च किती, हे आधी बघायचं, कथा नंतर. लेखकाची परवानगी, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा परवाना हे सोपस्कार असतात. तालीम रात्री जेवणं झाल्यावर, शाळेच्या खोलीत नाहीतर देवळाच्या ओवरीत. दुकानदार दुकान लावून येणार, शेतकरी मोटार बंद करून येणार, आणि वीज गेली तर कंदील. स्त्रीभूमिकांची अडचण मोठी. आधी मुलगेच लुगडं नेसत. पुढं अनेक गावांत शहरातून एका रात्रीसाठी नटी बोलावण्याची पद्धत पडली. ती दुपारी यायची, एक तालीम करायची आणि रात्री नायकाची बायको व्हायची. दोन महिने तालीम केलेला नायक तिच्यापुढं वाक्य विसरायचा. तिचं मात्र चुकायचं नाही. पोटासाठी केलेलं काम आणि हौसेनं केलेलं काम, दोन्ही एका मंचावर दिसायची.

अशा नाटकांत मीही पंधरा-एक वर्षं कामं केली. आमच्या घरात दखनी बोलली जायची, गल्लीत मराठी. ‘ळ’ आणि ‘ण’ माझ्या जिभेवर घट्ट बसले ते तालमीत. आमचे प्रॉम्प्टर एकेक शब्द दहादा म्हणून घेत. मोठ्यानं, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाईल असं बोलायची सवय तिथं लागली. पुढं कविता लिहू लागलो तेव्हा प्रत्येक ओळ आधी मोठ्यानं म्हणून बघायचो, ती त्याच सवयीनं. बी.ए.च्या पदवीनं मला वाङ्मयाचा इतिहास शिकवला. भाषा अंगात मुरवली ती नाटकानं.

कुणाच्या घरी कोणता देव, हे पात्रं वाटताना आमच्यात कुणी विचारत नसे. उंची आणि आवाज बघत. आमच्या भागाला हे नवं नव्हतं. शेजारच्या संगमनेरचा शाहीर अनंत फंदी जातीनं ब्राह्मण. त्याला ‘फंदी’ हे नाव पडलं ते मलिक फंदी नावाच्या फकिराच्या दोस्तीमुळं, असं सांगतात. अलीकडं मात्र पात्रं वाटताना आडनावाकडं नजर जाते, हे मी पाहिलं आहे. उघड कुणी बोलत नाही, पण खोलीतली हवा बदलते. हौशी रंगभूमीला पैशाच्या टंचाईपेक्षा याचा धोका मोठा आहे असं मला वाटतं. कारण तिचं भांडवलच मुळी हे, की वर्षभर बांधावरून भांडणारे दोघं तालमीत समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांच्या वाक्याची वाट बघतात. समोरच्याचं ऐकल्याशिवाय नाटकात पुढचं वाक्य येतच नाही.

हौशी रंगभूमीवरून मोठे झालेलेही आहेत. नगरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे मधुकर तोरडमल, नगरचेच सदाशिव अमरापूरकर. राज्य नाट्य स्पर्धेनं गेली कित्येक दशकं अशा नटांना दार उघडून दिलं. पण या नावांनी हौशी नटाचं मोल ठरवू नये. शंभरातले नव्व्याण्णव कुठंही जात नाहीत. ते गावातच राहतात आणि गाव त्यांना वर्षभर भूमिकेच्या नावानं हाक मारतं.

1987 साली दूरदर्शनवर रामायण आलं, पुढं घरोघर केबल आली, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. तरी बोहाड्याला माणसं जमतात, कारण पडद्यावरचा रावण कुणाचा शेजारी नसतो. चिंता वेगळी आहे. नाशिक-पुण्याला कामाला गेलेल्या मुलाला रजा मिळाली नाही तर त्याच्या घराण्याचं सोंग कोण घेणार? शहरातल्या महोत्सवात पंधरा मिनिटांचा बोहाडा दाखवतात. तो बघायला सुंदर असतो, पण त्यात रात्र नसते आणि गाव नसतं. मुखवटा संग्रहालयात टिकेल. चाल टिकते ती फक्त पायांत.

म्हणून एकच सुचवतो. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत कुणी नाटक बसवत असेल तर वर्गणी देऊन मोकळे होऊ नका. तालमीला जाऊन बसा. एखादं पात्र कमी पडत असेल तर उभे राहा. वाक्य दोनच असलं तरी चालेल.