दुखत नसले तरी तोंड दाखवा!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बाजारपेठेतील एक किराणा दुकानदार दर महिन्याला रक्तदाब तपासून घ्यायला माझ्याकडे येत. आठ वर्षांचा परिचय. तंबाखू-चुन्याचा बार डाव्या गालात धरून ठेवायची त्यांना सवय होती व ती मला ठाऊक होती. एके दिवशी निघता निघता ते म्हणाले, ''डॉक्टरसाहेब, दोन महिने झाले, तिखट खाल्लं की गालाला झोंबतं. दाढ घासत असेल.'' मी बॅटरी घेतली, गाल बाजूला ओढला. खालच्या दाढांलगत कडक कडांची जखम होती. तो कर्करोग होता.

आठ वर्षांत मी त्यांना जवळपास शंभर वेळा ''जीभ दाखवा'' म्हटले असेल. पण जीभ पाहणे म्हणजे तोंड तपासणे नव्हे. गालाची आतली बाजू मी एकदाही पाहिली नव्हती. मुंबईला त्यांचे मोठे ऑपरेशन झाले, जबड्याचा काही भाग काढावा लागला. ते वाचले. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, पण तेव्हापासून तंबाखू खाणारा कोणताही रुग्ण तोंड तपासल्याशिवाय मी परत पाठवत नाही.

दुखत नाही, हाच धोका

भारतातील पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आहे. बार जिथे धरला जातो, त्या गाल आणि हिरडीमधल्या फटीत तो पुष्कळदा सुरू होतो. सुरुवातीला तो सहसा दुखत नाही, म्हणून कोणी दाखवायला येत नाही. दुखू लागते, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लहान जखम असताना उपचार झाले तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. रोग मानेच्या गाठींत पसरल्यावर ही शक्यता फार कमी होते.

निसर्ग मात्र आपल्याला बहुतेक वेळा आधी इशारा देतो. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा किंवा सुपारी-गुटख्यामुळे गाल ताठ होऊन तोंड कमी उघडणे, या कर्करोगाच्या आधीच्या पायऱ्या असू शकतात. लाल चट्टा अधिक धोक्याचा. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होतोच असे नाही, आणि झाला तरी मध्ये अनेकदा काही वर्षे जातात. ही वर्षे आपल्या हातची असतात. नियमित तपासणी करायची ती यासाठीच.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून याची मोठी पाहणी झाली. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन उजेडात लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांत, तपासणी झालेल्या भागांत या रोगाचे मृत्यू इतर भागांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. ना मोठे यंत्र, ना सुई. नुसते नीट पाहण्याने हे साधले.

घरी कसे पाहावे?

महिन्यातून एकदा चूळ भरून, कवळी असल्यास काढून, आरशासमोर चांगल्या उजेडात उभे राहावे. ओठ उलटून पाहावेत. दोन्ही गाल बोटाने ओढून आतली बाजू व हिरड्या पाहाव्यात. जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा व टाळू पाहावी. गाल व मान चाचपून गाठ लागते का ते बघावे. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात का, हेही पाहावे.

पंधरा दिवसांत न भरणारी जखम, चट्टा, गाठ, विनाकारण हलणारा दात, तिखट न सोसणे किंवा गिळताना त्रास, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवावे. मात्र घरची पाहणी हा डॉक्टरी तपासणीला पर्याय नाही. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाची तपासणी ५ वर्षांतून एकदा करायची असते. जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. तंबाखू, मशेरी, गुटखा, सुपारी, बिडी-सिगारेट किंवा दारू यांची सवय असेल, तर वर्षातून एकदा तरी तोंड दाखवावे, असा माझा सल्ला आहे.

दोन गैरसमज

''मी तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते,'' असे अनेक भगिनी सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. नुसती सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला कर्करोगकारक ठरवले आहे.

दुसरा गैरसमज, ''तुकडा काढला की कर्करोग पसरतो.'' हे खरे नाही. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही. या भीतीपोटी काढ्या-मलमांत घालवलेले महिनेच जिवावर बेततात.

तपासणीत काही आढळले नाही म्हणजे तंबाखूला परवाना मिळाला, असे मात्र समजू नये. सवय सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत मदत मिळते.

त्या दुकानदारांचा धाकटा भाऊही त्याच गल्ल्यावर बसे आणि त्याच डबीतली तंबाखू खाई. त्याला काहीच त्रास नव्हता. मी आग्रहाने बोलावून तपासले, तर गालात पांढरा चट्टा होता. तुकडा तपासला, कर्करोग नव्हता. त्याने तंबाखू सोडली आणि काही महिन्यांत चट्टा विरत गेला. अजूनही तो दर सहा महिन्यांनी येतो आणि मी विचारण्याआधीच तोंड उघडतो.

वाचकहो, या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. पुढच्या वेळी डॉक्टरांनी नुसती जीभ पाहिली, तर ''गालही पाहा'' असे तुम्हीच सांगा. त्यांना राग येणार नाही.