आजी बेलय नव्हत्या, यंत्र मागे होते

परभणीहून पूर्णेकडे जाताना लोहमार्गावर पिंगळी लागते. माझी बहीण तिथे दिली आहे. गेल्या वर्षी भीमजयंतीच्या आधी भाच्याने घरच्या कॉम्प्युटरवर एक गाणे ध्वनिमुद्रित करायचे ठरविले. पहिल्या दिवशी ढोलकी आणि पेटी भरून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीच्या कानाला बिनवायरचे ब्लूटूथ लावले, आधीचे वाद्य ऐकविले आणि त्यावर त्यांच्याकडून गाऊन घेतले. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी गायन पार्टीत आयुष्य घालविले आहे.

गाणे वाजवून पाहिले तर आवाज ठेक्याच्या मागे! ऐकायला जमलेल्यांपैकी एक जण सहज बोलून गेला, "वय झालं आता, लय सुटते." आजी काही न बोलता चूल पेटवायला उठल्या. मला ते फार लागले.

वाचकहो, लय आजींची सुटली नव्हती. कॉम्प्युटर एका सेकंदाच्या आवाजाचे साधारण ४४,१०० आकडे करतो. ते एकेक न पाठविता ओंजळ भरली की पाठवितो. ओंजळ १,०२४ आकड्यांची असेल तर ती भरायलाच २३ मिलिसेकंद जातात. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे मिलिसेकंद. हा उशीर पुष्कळ प्रोग्राम आपणच वजा करतात. परंतु ब्लूटूथचा उशीर त्यांना कळत नाही, आणि तो शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज असतो. मिनिटाला १२० मात्रांचा ठेका असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे पाव मात्रा किंवा त्याहून जास्त अंतर पडले! आजींच्या कानात ढोलकीच उशिरा येत होती. त्या तिच्याबरोबर बरोब्बर गात होत्या.

तेव्हा पहिली गोष्ट, गाताना कानाला वायरचा इअरफोन लावा. तरीही आवाज मागे वाटला तर उशीर मोजा. आधी भरलेली एक टाळी इअरफोनमधून वाजवा, इअरफोन माईकला चिकटवून तीच टाळी दुसऱ्या ट्रॅकवर भरून घ्या. पडद्यावर दोन टाळ्यांची टोके दिसतील. त्यांच्यातले अंतर हाच उशीर. गाण्याचा अख्खा ट्रॅक तेवढा अलीकडे सरकवायचा. ऑडॅसिटी हा प्रोग्राम २००० सालापासून फुकट मिळतो. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत सरकविण्यासाठी दुतोंडी बाणाचे चिन्ह होते. २०२१ नंतरच्या आवृत्त्यांत तुकड्याच्या वरची पट्टी धरून ओढायची.

ढोलकी मोबाईलवर आणि गळा कॉम्प्युटरवर भरला असेल तर मात्र दुसरीच अडचण येते. दोन यंत्रांची घड्याळे किंचित वेगळी चालतात. सुरुवात जुळते, पण लांबलचक गाण्यात शेवटी अंतर पडत जाते. तिथे सरकवून भागत नाही. गायक श्वास घेतो त्या जागी कापून कडवे-कडवे बसवावे लागते. आवाज ताणताही येतो. कॅसेटचा वेग वाढविला की स्वरही चढायचा, तसे आता होत नाही. पण फार ताणला तर आवाज पत्र्यासारखा लागतो.

इथवर भाच्याला समजले. मग त्याला चेव आला. ट्रॅक सरकविल्यावर त्याने आजींचा शब्द न् शब्द कापून मात्रेच्या रेघेवर नेऊन बसविला. रात्री त्यांना ऐकविले. एक कडवे होताच त्या म्हणाल्या, "हे म्या नाही म्हटलं रे. म्या तिथं दम धरते, मग समेवर येते."

खरेच होते. त्या शब्द ठेक्याच्या जरा मागे ठेवीत आणि समेला नेमक्या येत. रेघेवर बसविलेल्या गाण्यात चूक एकही नव्हती, पण आजीही नव्हत्या. गायन पार्टीचा कोरससुद्धा काही एका क्षणी तोंड उघडत नाही. दहा मीटर मागे बसलेल्याचा आवाज पुढच्याला तीस मिलिसेकंद उशिराच पोचतो, आणि त्यानेच तर मंडप भरतो.

भाच्याने सगळी कापाकापी रद्द केली. उशीर मोजला, १८० मिलिसेकंद निघाला. सबंध ट्रॅक तेवढाच अलीकडे घेतला आणि पुन्हा लावला. यावेळी आजी मांडीवर हाताने ठेका धरून शेवटपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, "ढोलकी जरा कमी कर."