शाळेच्या फाटकावर पोलीस हवा का?



आपल्या देणग्यांवर चालणाऱ्या वसतिगृहातील मुली माध्यमिक शाळेसाठी कल्याणला राहतात हे आपणांस ठाऊक आहे. मुरबाड आणि शहापूरच्या पाड्यांवरच्या या कातकरी, ठाकूर, वारली मुली. मागच्या पालकसभेत धुणीभांडी करणाऱ्या एका आईने उभे राहून विचारले, "साहेब, शाळेच्या गेटवर एक पोलीस का नाही बसवत?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागे बसलेला, वीटभट्टीवर काम करणारा एक बाप म्हणाला, "पोलीस बसला तर माझी पोर शाळंत यायची नाय."

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

त्या आईच्या मनात बदलापूर होते. आपल्या ठाणे जिल्ह्यात आता शाळेची कोणतीही सभा त्या नावाशिवाय संपत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत बालवाडीतील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. आरोप होता तो कंत्राटावर नुकत्याच घेतलेल्या सफाई कर्मचाऱ्यावर. पालक पोलीस ठाण्यात गेले, तर तक्रार नोंदवून घ्यायला कित्येक तास लागले. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखली आणि दिवसभर लोकल बंद राहिल्या. दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळा व पोलीस या दोघांनाही खडसावले. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मरण पावला. काही ठिकाणी फटाके वाजले, पेढे वाटले गेले. मला मात्र वाटते की त्या दोन मुलींना न्यायालयातून जे उत्तर मिळायला हवे होते, ते त्या दिवशी कायमचे हुकले.

आता या प्रकरणात फाटकावर पोलीस असता तर काय झाले असते? आत काय घडते आहे ते त्याला दिसले नसते. धोका फाटक ओलांडून आलेला नव्हता, तो पगारपत्रकावर होता. आश्रमशाळांचा अनुभवही हाच सांगतो. बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेतले अत्याचार २०१६ साली उघड झाले, ते दिवाळीच्या सुट्टीत एक मुलगी घरी गेली तेव्हा. शाळेत असेपर्यंत तिला सांगायला माणूस नव्हता. आरोपींमध्ये शाळेचेच कर्मचारी होते.

परदेशातही हा वाद जुना आहे. अमेरिकेत पुष्कळ हायस्कुलांत गणवेशातला, बंदूक बाळगणारा पोलीस अधिकारी रोज हजर असतो. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर मिनियापोलिस शहराच्या शाळा मंडळाने पोलिसांशी असलेला करार मोडला. डेन्व्हरनेही पोलीस काढले, आणि २०२३ मध्ये एका हायस्कुलात गोळीबार झाल्यावर परत आणले. २०२२ साली टेक्सासमधील उवाल्डे येथे तर प्राथमिक शाळेत बंदूकधारी शिरला, शेकडो पोलीस जमले आणि सत्तर मिनिटांहून अधिक काळ वर्गात न शिरता थांबले. १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. आपल्याकडे बंदुकीचा प्रश्न तसा नाही, त्यामुळे ती तुलना फार ताणू नये. पण पोलीस ठेवला म्हणजे मूल सुरक्षित झाले, असे तेथेही ठरलेले नाही.

आता त्या बापाकडे वळू. कातकरी ही महाराष्ट्रातील अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. पावसाळा संपला की कुटुंबे भिवंडी, कल्याण, अंबरनाथकडच्या भट्ट्यांवर जातात. परिसरात चोरी झाली की पहिला संशय त्यांच्या झोपडीवर येतो, हे मी वीस वर्षांत अनेकदा पाहिले आहे. एकदा शाळेत वाहतूक सुरक्षेवर बोलायला हवालदार आले. बिचारे हसतमुख गृहस्थ होते, चॉकलेटे घेऊन आले होते. आमच्या दोन मुली मधल्या सुट्टीत मागच्या भिंतीवरून पसार झाल्या आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या मोरीत लपलेल्या सापडल्या. शहरातल्या मुलांना "पोलीस काका" म्हणजे गंमत वाटते. यांच्या घरी खाकी कपडा म्हणजे बापाला घेऊन जाणारा माणूस.

गंमत अशी की कायद्याला हे ठाऊक आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, म्हणजे आपण ज्याला पोक्सो म्हणतो, तो सांगतो की मुलाचा जबाब घेताना पोलीस अधिकारी गणवेशात नसावा. जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या ठिकाणी, आणि शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असावी. भाषा कळत नसेल तर दुभाषी घेता येतो. कातकरी बोलणाऱ्या मुलीसाठी हे फार मोलाचे आहे. आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. पालकसभेत हे वाचून दाखवले तेव्हा तो बाप दोनदा म्हणाला, "खाकी नाय घालायची? कायद्यात हाय?"

त्याच कायद्याचा दुसरा भाग आपल्यासाठी आहे आणि तो कडक आहे. असा गुन्हा झाल्याचे कळूनही जो पोलिसांना कळवत नाही त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवील तर एक वर्षापर्यंत. तक्रार नोंदवून न घेणारा पोलीसही शिक्षेला पात्र आहे. यात "आधी आपसात बघू" याला जागा नाही.

येथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी काम करीत असताना एका मुलीने स्वयंपाकीणबाईंजवळ एका कर्मचाऱ्याबद्दल सांगितले. बाईंनी मला सांगितले. मी काय केले? विश्वस्तांना फोन केला, प्रार्थना केली आणि सकाळी बैठक ठेवली. संस्थेचे नाव, देणगीदार, मंडळीत होणारी चर्चा, हे सगळे त्या रात्री माझ्या डोक्यात होते. १०९८ लावायला मला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. तेवढ्या वेळात तो माणूस गावी निघून गेला होता. नंतर तो सापडला, पण त्या मुलीने मला विचारलेला प्रश्न अजून आठवतो: "सर, तुम्हाला माझं खरं वाटलं नव्हतं का?" धर्मज्ञानाच्या पदविकेत मला मेंढपाळाविषयी बरेच शिकवले होते. हे कोणी शिकवले नव्हते.

तर मग शाळेत नेमके काय हवे? बदलापूरनंतर, २१ ऑगस्ट २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. एका महिन्यात सीसीटीव्ही, प्रत्येक कर्मचाऱ्याची नेमणुकीपूर्वी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती. यातली समिती नवी नव्हती. मार्च २०२२ च्या निर्णयातच ती सांगितली होती, तक्रारपेटी त्याच्याही आधीची. म्हणजे कागद होते, बसायला माणसे नव्हती. कॅमेऱ्यांबद्दल मला फार आशा नाही, कारण ते स्वच्छतागृहाच्या दाराशी थांबतात, आणि थांबलेच पाहिजेत. पडताळणीला मात्र मी सर्वांत वर ठेवीन. पोलिसांची खरी गरज तेथे आहे. आम्ही वसतिगृहातील पहारेकरी, स्वयंपाकी, गाडीचालक आणि माझी स्वतःची पडताळणी करून घेतली आहे.

तक्रारपेटी आम्ही कार्यालयासमोरून काढून पाणी पिण्याच्या जागी लावली, कारण कार्यालयासमोर चिठ्ठी टाकताना सगळे बघतात. ज्यांना लिहायला अवघड जाते त्या मुली चित्र काढून टाकतात. पहिल्या वेळी चार चिठ्ठ्या निघाल्या: दोन आमटीबद्दल, एक स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीबद्दल आणि एक शाळेच्या वाटेवर पानटपरीपाशी उभ्या राहणाऱ्या मुलांबद्दल. कडी त्याच दिवशी बसवली. टपरीचे काम आपल्या हातातले नव्हते, ते पोलिसांचे. आम्ही ठाण्यात पत्र दिले आणि शाळा सुटायच्या वेळी तेथे फेरी मारण्याची विनंती केली. फेरी सुरू झाली आहे. एक महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत दोनदा वसतिगृहात येऊन मुलींसोबत जेवूनही गेल्या.

तेव्हा त्या आईला माझे उत्तर असे: पोलीस फाटकावर रोज बसलेला नको, पण रस्त्यावर, पडताळणीच्या कागदावर आणि फोन केल्यावर लगेच हवा. तिचे पूर्ण समाधान झाले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याण पूर्वेत एका शाळकरी मुलीचे अपहरण करून खून झाला, तेव्हापासून ती मुलीला दुकानातही एकटी पाठवत नाही. तिला मी काय समजावणार?

जूनपासून दहावीच्या सहा मुली जादा तासांमुळे संध्याकाळी उशिरा सुटतील. शाळेपासून वसतिगृहापर्यंत त्यांच्यासोबत चालत यायला कल्याण-डोंबिवलीतील मंडळ्यांमधून भगिनी हव्या आहेत, आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. पडताळणीचा अर्ज त्यांनाही भरावा लागेल. इच्छुकांनी आपापल्या पाळकांकडे नाव द्यावे.