गोळी गुडघ्याची, घाव पोटाला



गळीत हंगाम सुरू झाला, की गट ऑफिसच्या ओट्यावर तोडीच्या तारखेबरोबर आणखी एक विषय हटकून निघतो. तो म्हणजे गुडघेदुखी. सरीत वाकायचे, रात्री दारं धरायची, फडात उकिडवे बसायचे. पन्नाशीनंतर गुडघा कुरकुरणारच. मग कोणीतरी खिशातून पाकीट काढतो. "घ्या आण्णा, एक टाका. रातभर पाण्यात उभं राहिलं तरी कळायचं न्हाई."

आमच्या थोरल्या चुलत्यांनी अशी गोळी तीन महिने घेतली, तीही सकाळी उपाशीपोटी. गुडघा राहिला. पण पुढे शौचाला डांबरासारखी काळी होऊ लागली. सांगायची लाज, म्हणून ते गप्प बसले. तिसऱ्या दिवशी बांधावरच चक्कर येऊन पडले. जठराला व्रण पडून आतल्या आत रक्त जात होते. दोन बाटल्या रक्त चढवले, तेव्हा माणूस हाती लागला.

गुडघ्याची गोळी पोटाला का नडावी? याचे उत्तर लंडनमध्ये जॉन व्हेन या शास्त्रज्ञांनी १९७१ साली दिले. आपले शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. सांध्यात ती दुखणे आणि सूज वाढवतात, पण जठरात तीच आतल्या अस्तराला आम्लापासून सांभाळतात. ॲस्पिरिनसारखी औषधे ही द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत, ना गुडघ्यात, ना पोटात. पाटाची मोरी वरच बंद केली तर दोन्ही वाफे कोरडे, तसलाच हा प्रकार. या कामासाठी व्हेन यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही त्याच भावकीतली औषधे.

व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे एक जंतू. पूर्वी सारा दोष तिखटाला आणि काळजीला दिला जाई. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर जंतू दाखवून दिला. कोणी ऐकेना, तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतःच ते जंतू प्याले आणि थोड्याच दिवसांत जठराला सूज येऊन आजारी पडले! दोघांना २००५ साली नोबेल मिळाले. हा जंतू पोटात असताना वर ही गोळी घेतली, तर व्रणाचा धोका आणखी वाढतो. जंतूवर मात्र साधारण दोन आठवड्यांचा उपचार आहे.

पोटाला न दुखावणारी गोळी शोधण्याचे प्रयत्नही झाले. १९९९ साली रोफेकॉक्सिब बाजारात आले. त्याने हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसले, आणि २००४ साली ते मागे घ्यावे लागले.

तेव्हा गुडघ्यासाठी आधी वरून लावायचे मलम वापरावे. त्यातले औषध रक्तात फार थोडे जाते. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, हा मांडीचा व्यायाम रोज करावा. वजनाचे म्हणाल तर अमेरिकेतील २००५ च्या एका अभ्यासात असे आढळले, की एक किलो वजन उतरले तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस आणि पोटात काही असताना घ्यावी. साठी ओलांडलेल्यांनी, पूर्वी व्रण झालेल्यांनी, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हातच लावू नये.

काळी शौच किंवा कॉफीच्या रंगाची उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोडणी चालू असली तरी. चुलते हल्ली सकाळी ओट्यावर पाय ताणत बसतात, आणि कोणी पाकीट पुढे केले की आधी विचारतात, "जेवलास का रे बाबा?"