क्लच सोडला की गाडी बंद पडते? चालवायला घाबरताय तर आधी थांबायला शिका

घनसावंगी : दारात चारचाकी उभी आहे, पण घरात ती चालवणारा एकच. तो नेमका बाहेरगावी. रात्री म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखायला लागलं, तर गाडी दारात असून दुसऱ्याच्या दारी जावं लागतं. अशी घरं गावोगाव आहेत. शिकायचं मनात असतं, पण ‘कुणाच्या अंगावर गेली तर?’ आणि ‘लोक हसतील’ या दोन गोष्टींपायी राहून जातं.

ही भीती बहुतेक वेळा शिकवण्याच्या पद्धतीतून येते. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी रस्त्यावर नेतात आणि ‘सोड क्लच, दे रेस’ म्हणतात. गाडी हुचकते, बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतो. मग माणूस आठ दिवस गाडीकडे फिरकत नाही.

त्यापेक्षा क्रम उलटा ठेवावा. पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू नका. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. तिन्ही आरसे लावा. डावा पाय फक्त क्लचला. ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्याच पायाने. खाली न बघता पाय ब्रेकवर जाईपर्यंत हेच करत राहा.

दुसऱ्या दिवशी सपाट, मोकळी जागा शोधा. बाजार नसलेल्या दिवशी बाजाराचं मैदान चालेल. पोरं खेळत असतील तर मात्र तिथे नको. पाऊस पडून गेल्यावर शेतातही नको, काळ्या मातीत चाक रुतलं की सराव राहतो बाजूला आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, रेसला पाय लावू नका. क्लच अगदी सावकाश सोडा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज बदलतो, गाडी किंचित थरथरते. यालाच हाफ क्लच म्हणतात. पाय तिथेच थांबवा. गाडी मुंगीच्या चालीने पुढे सरकेल. दहा पावलं गेली की क्लच दाबा आणि ब्रेक लावा. हे वीस-तीस वेळा करा. गाडी आपल्याला पाहिजे तिथे थांबते हे पायाला कळलं, की निम्मी भीती तिथेच जाते. बंद पडली तर पडू द्या, त्याने लगेच गाडी बिघडत नाही.

शिकवणारा कोण, हेही बघा. नवऱ्याने बायकोला किंवा बापाने पोराला शिकवायला घेतलं की दुसऱ्याच चकरेला भांडण होतं, असा बऱ्याच घरांचा अनुभव. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतो, हा मोठा आधार. नियमाप्रमाणे खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान १० तास असायला हवं. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या. चार जण एका गाडीत बसवले, तर मागे बसलेला वेळ या तासांत धरू नका.

रस्त्यावर निघायचं ते सकाळी, उजेडात. उसाच्या हंगामात अंबड, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगावच्या रस्त्यांवर जोड ट्रॉल्या असतात. ट्रॉलीच्या अगदी मागे चिकटू नका. चढावर ती मागे येऊ शकते, आणि टेप जोरात असेल तर ट्रॅक्टरवाल्याला हॉर्न ऐकू येत नाही. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसत नसेल तर ओव्हरटेकचं नावच काढू नका. मागच्यांना घाई असेल तर त्यांना जाऊ द्या.

मैदानात असो की रस्त्यावर, स्टेअरिंग धरण्याआधी लर्निंग लायसन काढा. वय १८ पूर्ण हवं. ‘सारथी’ संकेतस्थळावर आधारद्वारे अर्ज करून ही परीक्षा २०२१ पासून घरबसल्या देता येते. निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. हे लायसन सहा महिने चालतं. तोवर गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस. लायसनशिवाय सापडल्यास ५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्यातून अपघात झालाच, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. अशा वेळी एखादा एकरही जातो. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर पालक किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी देता येते. रिव्हर्स घेताना बरेच जण गडबडतात, म्हणून मैदानात दोन दगड ठेवून त्यांच्यामधून मागे यायचा सराव करा. नापास झालात तरी सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते.